शोधमोहिमांची थैली कोणाच्या हाती?

तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील, नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. अशा गावातील एखादा शिक्षक वा विद्यार्थ्यांचा गट नदीचा, जंगलाचा किंवा आकाशाचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी मोहीम काढू म्हणाला, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहील तो पैशांचा. हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याची वेगवेगळी उत्तरे महाराष्ट्राच्याच भूमीवर, आणि त्यांतील काही वर्ध्याच्या परिसरात, पाहायला मिळाली होती.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून विदर्भाकडे सरकली. सूर्य पूर्ण झाकला जाणार होता तो अवघी दोन मिनिटे. तेवढ्यासाठी सातासमुद्रापलीकडून पथके आली. पुलगावला उतरले ते लंडनच्या रॉयल सोसायटी व रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संयुक्त समितीने पाठविलेले निरीक्षक. नदीपलीकडे तळणी येथे मात्र ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेचा तळ पडला होता. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले. त्यांचा खर्च रेल्वे उद्योगातील धनिक चार्ल्स क्रॉकर यांच्या देणगीतून झाला होता. खुद्द क्रॉकर मात्र आदल्याच वर्षी निवर्तले होते. जेऊरलाच पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचेही पथक होते.

या मोहिमांचा हिशेब तपासला, तर खासगी पैशाचे बळ तळणीत दिसते. ॲनी माँडर यांना विवाहानंतर नियमांमुळे ग्रिनिच वेधशाळेची नोकरी सोडावी लागली होती. गर्टन कॉलेजच्या अनुदानातून घेतलेल्या छोट्या कॅमेऱ्याने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचा, तोवर कोणीही न टिपलेला, प्रदीर्घ किरण टिपला. तळणीतच वर्णपटाची छायाचित्रे घेणारे जॉन एव्हरशेड तेव्हा पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हते. पुढे तेच कोडाईकनालला आले आणि १९०९ साली त्यांनी सौरडागांतील वायूंच्या प्रवाहाचा शोध लावला. सरकारी व्यवस्थेने ज्यांना दार बंद केले किंवा ज्यांची दखलच घेतली नव्हती, त्यांना ही संधी मिळाली ती बिगरसरकारी पैशामुळे.

तथापि खासगी पैशाची मर्यादाही याच इतिहासात आहे. नायगमवाला यांच्या वेधशाळेसाठी भावनगरच्या महाराजांनी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. देणगीने वास्तू उभी राहते, यंत्रे येतात. परंतु दरवर्षीच्या खर्चाची आणि उत्तराधिकाऱ्याची तरतूद देणगी आपोआप करीत नाही.

आज हा विषय पुन्हा महत्त्वाचा ठरण्याचे कारण आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा अंदाज मांडताना त्यांपैकी सुमारे ३६ हजार कोटी उद्योग, दाते आदी बिगरसरकारी स्रोतांतून येतील, असे गृहीत धरण्यात आले. म्हणजेच संशोधनाच्या तिजोरीत समाजाने हात लावावा, ही आता सरकारचीच अपेक्षा आहे. प्रश्न आहे तो हा पैसा कोणापर्यंत पोहोचणार याचा.

कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. पण विज्ञान संशोधनासाठीच्या तरतुदीत स्थान आहे ते प्रामुख्याने सरकारी अर्थसाह्य असलेल्या प्रकल्पांना, सार्वजनिक विद्यापीठांना, आयआयटींना आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांना. हौशी अभ्यासकांच्या न्यासाला पर्यावरण किंवा शिक्षणाच्या कलमाचा आडमार्ग धरावा लागतो. त्यासाठीही प्राप्तिकर खात्याकडील नोंदण्या आवश्यक. परदेशस्थ हितचिंतक विदेशी नागरिक असेल, तर विदेशी देणगी नियमन कायदा आडवा येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला असा निधी दुसरीकडे वळविण्यासही बंदी आहे. गैरव्यवहार रोखण्यासाठी नियम हवेत, हे निर्विवाद. परंतु हे कागदपत्र सांभाळण्याची ऐपत शहरातील मोठ्या संस्थांचीच असते.

यावर वर्गणीचा जुना मार्ग आजही उपयोगी आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांचे देशव्यापी सर्वेक्षण हाती घेतले, ते सभासद, संस्थानिक व सरकार यांना आवाहन करून. आरंभ झाला खानदेशातून. अनेक दाते असल्याने एकाच्या लहरीवर काम अवलंबून राहिले नाही आणि गोळा झालेले नमुने सर्वांच्या अभ्यासासाठी राहिले. आजच्या मोहिमांनाही हेच लागू पडते. हिशेब जाहीर असावा, निष्कर्ष देणगीदाराच्या मर्जीवर नसावेत आणि जमविलेली माहिती ज्या गावात जमविली तेथे परत यावी.

भारतातून दिसणारे पुढचे खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ रोजी लडाख-काश्मीर भागातून दिसेल. तयारीला अवकाश आहे. १८९८ साली तळणीच्या माळावर परदेशी हौशी मंडळी स्वखर्चाने आली होती. २०३४ मध्ये तळेगावसारख्या गावातील मुले लडाखच्या माळावर उभी राहू शकतील काय, यावरून संशोधनाची थैली खरोखर कोणासाठी उघडली, ते कळेल.