बिनगव्हाच्या पावाचा हिशेब
चूल आणि चोपडी । वसुधा

‘ग्लुटेन-फ्री’ असं छापलेला पाव एकलहऱ्यात मिळत नाही. नाशिकरोडलाही हुकमी नाही. गंगापूर रोडकडच्या एखाद्या मोठ्या दुकानात शोधा, नाहीतर मोबाइलवरून मागवा. साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या पुड्याला अडीचशेपासून चारशे रुपयांपर्यंत काहीही पडतं, घरपोच करण्याचे वेगळे. तेवढ्याच वजनाचा साधा पाव कॉलनीच्या गेटबाहेर पन्नासच्या आसपास मिळतो. मग कुणीतरी सल्ला देतंच : घरी भाजा, पैसे वाचतील. सल्ला चुकीचा नाही. फक्त तो देणारे हिशेब शेवटपर्यंत करत नाहीत, म्हणून आज चोपडी उघडली.

एका पावाला दीडशे ग्रॅम ज्वारीचं पीठ, शंभर ग्रॅम तांदळाचं, शंभर ग्रॅम साबुदाण्याचं. वीस ग्रॅम इसबगोल, सात ग्रॅम यीस्ट, चमचाभर साखर, मीठ, दोन चमचे तेल आणि सुमारे चारशे मिली कोमट पाणी. पिठांचे तेवीस-चोवीस रुपये, इसबगोलाचे तीस, यीस्टचे पाच, तेल-साखरेचे सात. ओटीजी ओव्हन तासभर चालतो, म्हणजे एक युनिट. शंभर युनिटांच्या पुढे गेलेल्या घरात सगळे आकार धरून बारा रुपये मांडा. (इथल्या वीज केंद्राच्या चिमण्यांतून निघणाऱ्या धुराखाली वाळवण घालणाऱ्यांनाही युनिट त्याच भावाने मिळतं. एका युनिटामागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो, हे मात्र इथल्या पोरासोरांना पाठ असतं.) एकूण पंचाहत्तर ते ऐंशी रुपये, आणि हातात सातशे ग्रॅमचा पाव. विकतचा तेवढाच घ्यायला गेलं तर दोन पुडे, पाचशे ते आठशे रुपये. साध्या गव्हाच्या पावाच्या भावात बिनगव्हाचा पाव पडला, असं म्हणायला हरकत नाही.

आता यातली मेख. आठवड्याला पाचशे वाचले, महिन्याला दोन हजार वाचले, असं जो लिहितो त्याला विचारा, हे दोन हजार तू आधी खर्च करत होतास का? राखेच्या गाड्यांवर किंवा कोळशाच्या यार्डात कंत्राटी कामाला जाणाऱ्याच्या घरात चारशे रुपयांचा पाव कधी आलेलाच नसतो. जो खर्च आपण करणारच नव्हतो तो वाचला म्हणणं म्हणजे सेलमधून साडी आणून दीड हजार कमावले म्हणण्यातलाच प्रकार. या घराने तुलना करायची ती विकतच्या पुड्याशी नाही, भाकरीशी. साडेतीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या तीन-चार भाकरी होतात, वीस-बावीस रुपयांत. त्या थापायला यीस्ट लागत नाही, इसबगोल लागत नाही, ओटीजी लागत नाही. ज्वारी, बाजरी, नागली, तांदूळ, वरई, मका यांत मुळात ग्लुटेन नाही. ग्लुटेन न चालणाऱ्या सीलिअॅकच्या पेशंटला जगभरात जे महागात विकत घ्यावं लागतं ते आपल्याकडे तव्यावर टम्म फुगत असतं. पेठ-सुरगाण्याकडची नागली आणि सोलापूरकडची मालदांडी हा आपला जुना बिनगव्हाचा पाव आहे. पोळी रोजची व्हायला लागली ती गेल्या दोन पिढ्यांत. त्याआधी गव्हाचं पीठ खेड्यातल्या घरात सणावाराला भिजायचं.

तरी पाव लागतो. नाशिकमध्ये मिसळ भाकरीशी खा असं नऊ वर्षांच्या मुलाला सांगून पाहा. शाळेच्या डब्यात सगळ्यांचं सँडविच आणि आपली भाकरी, हे त्याला रोज नको असतं. वाढदिवसाला वडापाव, सहलीला ब्रेड-बटर. म्हणून आठवड्यातून एकदा भाजलेला पाव हा बचतीचा नाही, हौसेचा खर्च आहे आणि तो खुशाल हौस म्हणूनच वहीत लिहावा. हौसेला माझी कधीच ना नसते.

पण हे सगळं कुणासाठी? ज्याला डॉक्टरने सांगितलंय त्याच्यासाठी. सीलिअॅक हा पचनाचा किरकोळ कुरबुरीचा आजार नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्तीच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, अन्न अंगी लागत नाही, मूल वाढत नाही, रक्त कमी राहतं. त्यावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लुटेन टाळणं हेच औषध. हे जगाला कळलं ते एका डच बालरोगतज्ज्ञामुळे. विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय युद्धाआधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार पडली, पाव नाहीसा झाला, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. बाकी मुलं खंगत असताना सीलिअॅकची मुलं त्यातल्या त्यात बरी राहिली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. १९५० साली डिके यांनी युट्रेख्टला प्रबंध मांडला. त्याआधी अमेरिकेत अशा मुलांना केळ्यांवर ठेवायचे. केळ्याने गुण येतो असं वाटायचं. खरं तर केळी खाताना मुलं पाव खात नव्हती!

आपल्याकडे हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेत जास्त सापडतो. हरियाणा, आसाम आणि तमिळनाडूतल्या मोठ्या पाहणीत रक्तात या आजाराच्या अँटीबॉडी सापडणाऱ्यांचं प्रमाण उत्तरेत हजारामागे बारा, तर दक्षिणेत हजारामागे एक असं निघालं. म्हणजे पोट फुगलं म्हणून गहू सोडणाऱ्या शंभरांतल्या बहुतेकांना सीलिअॅक नसतो. ज्याला असेल असा संशय आहे त्याने एक गोष्ट गाठीला बांधावी. रक्ताची तपासणी आणि बायोप्सी होईपर्यंत गहू सोडायचा नाही. आधीच सोडला तर रिपोर्ट खोटाच चांगला येतो. मोबाइलवर बघून महिनाभर गहू बंद करणाऱ्यांनी आणि मग डॉक्टरकडे जाणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

पावाकडे परत येते, कारण त्यात एक गंमत आहे. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनची जाळी असते, यीस्टचा वायू त्यात अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारीत ती जाळी नाही. ज्यांनी भाकरी थापली आहे त्यांना हे हाताने ठाऊक आहे : पिठाची विरी गेली की भाकरी कडेने चिरते, मग आपण उकळतं पाणी घालून उकड काढतो आणि ती जरा धरून राहते. पावाला तेवढं पुरत नाही. तिथे इसबगोल लागतो. चारशे मिली पाण्यात वीस ग्रॅम इसबगोल टाकून हलवत राहायचं. दोन-तीन मिनिटांत पाणी घट्ट होतं, चमचा उभा राहतो, लोळा ओढला की तार येते. ही तार वायू धरून ठेवते. परदेशातले बेकर बिनग्लुटेनच्या पावात जो भुसा मोठ्या कौतुकाने घालतात तो बहुतांशी भारतातूनच जातो. गुजरातेतल्या उंझ्याची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे त्याची जागा औषधाच्या कपाटात, सकाळच्या तक्रारीसाठी.

पीठ मळायचं नाही, कारण मळून ताणायला त्यात काही नाहीच. भज्यांच्या पिठाहून घट्ट, कणकेहून सैल असा गोळा ओल्या हाताने तेल लावलेल्या साच्यात दाबायचा, वरून पाण्याचा हात फिरवायचा. उबेला एकदाच फुगू द्यायचं, थंडीत तास-सव्वा तास. साच्याच्या काठाला आला की लगेच २०० अंशांवर भट्टीत. वाट बघत बसलात तर मधोमध खड्डा पडतो. तासाभराने खालून टकटक केल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे. आणि गरम असताना कापायचा नाही. घरभर वास सुटलेला असतो, मुलं सुरी घेऊन उभी असतात, तरीही नाही. पूर्ण निवेपर्यंत आतला भाग चिकट असतो आणि घाईत कापलेला पाव सुरीला लगद्यासारखा येतो. नागली घालायची तर पन्नास ग्रॅम, फार झाली की पाव जड आणि काळपट होतो. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो, म्हणून त्याच संध्याकाळी काप करून फ्रीजरमध्ये, लागेल तसा तव्यावर.

खरा खर्च मात्र यातल्या कशातच नाही. तो आहे गिरणीत.

आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. २० मिलिग्रॅम म्हणजे किती? गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅमचा, त्यात ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लुटेन. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आले की हद्द गाठली. दुकानदाराचं तेच माप, तीच ताडपत्री, शेजारी गव्हाची थप्पी. पाच दाणे यायला कितीसा वेळ? सुपात घेऊन, निवडून, धुऊन, वाळवून ते काढता येतात. आपल्या आज्या याशिवाय दळण पाठवत नसत. पण पीठ निवडता येत नाही.

कोपऱ्यावरच्या गिरणीत उभं राहून बघा. काकांच्या भुवया पांढऱ्या, बल्बवर पिठाचा थर, वजनकाट्यावर पिठाचा थर. “काका, आधी काय दळलं?” “ज्वारीच हाये ताई, गव्हाची चक्की वेगळी.” ते खरंच बोलतात. बऱ्याच गिरण्यांत गव्हाला एक आणि ज्वारी-बाजरीला दुसरी अशा दोन चक्क्या असतात. पण दोन्ही एकाच खोलीत, दोन्हींचं पीठ एकाच हवेत उडतं, आणि गर्दीच्या दिवशी कुणाचा गहू कुठे पडला याची खात्री तेही देणार नाहीत. पीठ पडतं त्या कापडी नळीच्या घडीत कालचं काय अडकलंय ते कुणी झटकून पाहिलेलं नसतं.

गंमत म्हणजे याच गिरणीत आषाढी एकादशीच्या आधी राजगिरा आणि भगर दळायची म्हटलं की काका स्वतःहून चक्की पुसतात, सकाळी पहिल्या दळणाला या सांगतात, पहिली मूठ बाजूला काढतात. त्यांना ग्लुटेन सांगून उपयोग नाही, पण “काका, आमच्या पोराचा गव्हाचा कायमचा उपास आहे” म्हणा, लगेच कळतं. तेवढ्याने थोडा फरक पडतो. पुरेसा पडत नाही, कारण उपासाला चिमूटभर चुकलं तर देव माफ करतो, आतडं करत नाही.

म्हणून सीलिअॅकच्या घरात पहिली खरेदी घरघंटीची. पंधरा-वीस हजारांची वस्तू आहे आणि ती महाग आहे, यात वाद नाही. पण ओटीजी, साचे, पॅकेटातली तयार पिठं यांच्यावर पाच-सात हजार घालून दळण बाहेर पाठवणाऱ्याचे पैसे वाया गेले. त्यापेक्षा दोन-तीन घरांनी मिळून एक घरघंटी घ्यावी आणि गव्हाचा दाणाही तिच्यात टाकू नये. महिला बचत गटाला हे काम साधण्यासारखं आहे : फक्त ज्वारी, बाजरी, नागली, तांदूळ दळणारी गिरणी. तिथे बेसनही नको, कारण हरभरा आणणारी बाई उद्या गहू आणेल.

पोळपाट-लाटणं आणि चाळणी वेगळी ठेवावी लागते, ते एकदाचं. हिंगाचं मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डबीतला नेहमीचा हिंग बांधणीचा असतो आणि बांधायला बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ वापरतात. म्हणजे सगळं सांभाळून केलेल्या आमटीला फोडणीत गहू. डबीवरची बारीक अक्षरं वाचा, तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, फरसाणात मैदा असू शकतो, आणि सत्यनारायणाचा शिरा तर रव्याचाच. प्रसादाला नाही कसं म्हणायचं, या प्रश्नावर एका घरात मोठं रामायण झालेलं मला माहीत आहे. त्यांनी शेवटी पूजेला तांदळाच्या रव्याचा शिरा केला. गुरुजींनी दोनदा मागून खाल्ला.

आणि रेशन. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली आला तेव्हा त्याच्या परिशिष्टात तीन दर होते : तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो. आता सगळंच फुकट आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो. भरड धान्याचं नाव कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे, आणि शासन ज्वारी-बाजरी हमीभावाने खरेदीही करतं. तरी ज्याच्या मुलाला गहू विष आहे त्याच्या पिशवीतही महिन्याच्या महिन्याला गहू पडतो. तो माणूस हा गहू शेजारी देऊन बदल्यात तांदूळ आणतो, आणि ज्वारी साठ रुपये किलोने दुकानातून घेतो. इटलीत अशा पेशंटला सरकार महिन्याचं कुपन देतं, कॅनडात जास्तीचा खर्च आयकरात दाखवता येतो. आपल्याला नवी योजना नको, नवा पैसाही फारसा नको. वैद्यकीय दाखला असलेल्या कार्डावर गव्हाऐवजी ज्वारी द्या, एवढंच.

हे मागायचं तर सुरुवात गावातून होऊ शकते. ग्रामसभेत ठराव घ्यायचा, सोबत शासकीय रुग्णालयाचा दाखला, बायोप्सीचा रिपोर्ट आणि रेशनकार्डाची प्रत जोडायची, आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत देऊन पोच घ्यायची. अर्जात “ग्लुटेन” हा शब्द एकदाच लिहा. “गहू चालत नाही, ज्वारी चालते” हे वाक्य मात्र ठळक अक्षरांत.