समायोजना सांगतं कोण?

विद्यार्थ्यांना दुकानदाराच्या बिलांपुढे बसवणं म्हणजे कॉलेजने कारकून पुरवण्याचा ठेका घेणं, असं एका विद्वानांनी ठणकावलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तत्त्वं पक्की असली की व्यवहार आपोआप जमतो, सॉफ्टवेअर उद्या बदलेल, आणि कंपन्या पोरांना फुकट राबवतात. शेवटचं खरं आहे. विद्यावेतन द्या, मिटलं. सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर नुसती टॅली शिकवा असं म्हटलं कुणी?

पण ‘तत्त्वं पक्की’! बारावीपासून बी.कॉम.पर्यंत अंतिम खात्यांचं उदाहरण कसं असतं? तेरीज आयती, तीही जुळलेली. खाली समायोजना: अखेरचा साठा अमुक, घसारा १० टक्के, पगार देणे बाकी २,००० रुपये. अहो, हे सांगतं कोण? ३१ मार्चला दुकानात असं कानात सांगायला कुणी येत नाही. ते हुडकणं हेच हिशेबनिसाचं काम आणि नेमकं तेच प्रश्नपत्रिका दान करून टाकते. पोराच्या वाट्याला उरते बेरीज-वजाबाकी. पुस्तकात ‘उचल ५,०००’ असं छापलेलं असतं. बँकेच्या स्टेटमेंटात नुसती यूपीआयची ओळ असते, ती मुलीची फी की मालाचे पैसे हे मालकाला विचारावं लागतं. पुरवठादाराचं बिल हातात, १८ टक्के जीएसटी मोजलेला. पण त्याने विक्रीचं विवरणपत्र, जीएसटीआर-१, भरलेलंच नाही, म्हणून दुकानदाराच्या १४ तारखेच्या जीएसटीआर-२बी मध्ये बिल दिसत नाही, भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी तर भरायचंच. इथे कोणतं तत्त्व फोन उचलतं?

गंमत म्हणजे संगणक आले तेव्हा अशाच मंडळींचा हट्ट होता, की हाताने खतावणी लिहिल्याशिवाय हिशेब कळत नाही. तेव्हा हाताचं महत्त्व होतं, आता ते कारकुनी झालं! सीएची आर्टिकलशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामाची उमेदवारीसुद्धा २०२३ मध्ये तीन वर्षांवरून दोनवर आली; शून्यावर नेण्याचं धाडस मात्र कुणी केलं नाही.

करायचं ते एवढंच: प्रत्येक गटाला एका किराणा दुकानाची वर्षभराची खरी बिलं आणि स्टेटमेंटं द्या, नावं झाकून. तेरीज देऊ नका. अधूनमधून मालकाला वर्गात बोलवा आणि गुण द्या ते पोरांनी त्याला विचारलेल्या प्रश्नांना. १२० जणांच्या वर्गात हे तपासायचं कधी, असं शिक्षक विचारतील. एक लेखी पेपर कमी करा.