सुट्टी कुणाची?

ज्यांना शाळाच नाही, त्यांना सुट्टी कसली? मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आईबापांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या सुरात थोडी थट्टा असते, थोडी कीव. मला मात्र हा प्रश्न अगदी योग्य वाटतो. त्याचे उत्तर शोधायला गेलो की सुट्टी म्हणजे नेमके काय, हेच पुन्हा तपासावे लागते.

घरी शिकणे ही परदेशातून आलेली टूम आहे असे आपल्याला वाटते. पण गोव्यात तरी तसे म्हणता येणार नाही. पोर्तुगीज अमदानीत कुणाच्या तरी सोप्यावर, नाहीतर देवळाच्या अग्रशाळेत पंतोजी मुलांकडून बाराखडी गिरवून घेत. इथली मराठी टिकली ती बरीचशी अशा घरगुती शाळांमुळे. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या, आणि शिकायचे ते शाळेतच हे आपल्या अंगवळणी पडले. फरक एवढाच, की पंतोजींच्या सोप्यावर शेजारपाजारची दहा पोरे मांडीला मांडी लावून बसत. आज घरी शिकणारे मूल बहुधा एकटे असते.

या कुटुंबांचे वेळापत्रक आपल्यापेक्षा उलटे चालते. डिसेंबरात आणि मे महिन्यात गोवा पर्यटकांनी फुलून जातो, तेव्हा ती फिरायला बाहेर पडत नाहीत. त्यांच्या सहली शाळा चालू असताना होतात. थंडीत एखाद्या मंगळवारी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन सलीम अली अभयारण्यात पक्षी पाहायचे, पाऊस सरल्यावर कुशावतीच्या काठी पणसायमळची कातळशिल्पे पाहायची, पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात निवांत दुपार काढायची. गर्दी नसते, घाई नसते. मोठ्या मुलांना मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा द्यायची असते. ती एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते. त्यामुळे मे मोकळा ठेवायचा की नाही, हेही बरेचसे त्यांच्याच हातात असते.

मग शाळांच्या सुट्टीत त्यांना काय मिळते? सोबती मिळतात! वर्षभर शाळा, शिकवणी आणि गृहपाठात अडकलेली मामे-चुलत भावंडे, शेजारची पोरे या दिवसांत मोकळी होतात. आजोळच्या अंगणात लगोरी मांडली जाते. भिरंडे फोडून सोलां वाळत घालायची असतात, साटांवर कावळे बसू नयेत म्हणून राखण करायची असते. चवथीला माटोळीसाठी कवंडळे आणि सुपारीची शिपटी गोळा करायला रानात जायचे असते. भांडायला, हरायला, रुसायला आणि पुन्हा खेळायला या, असे म्हणणारे कुणीतरी असते. आईबाप कितीही हौशी असले तरी हे धडे त्यांना एकट्याने देता येत नाहीत. शिवाय घरच्या अभ्यासाची पुस्तके बहुतेक इंग्रजी असतात. आपली भाषा कानावर पडते ती या गोतावळ्यातच.

म्हणून काही घरांत जे चालते ते मला खटकते. मुलाने आजीबरोबर भिरंडे फोडली की लगेच वहीत नोंद, आज विज्ञान झाले! माटोळी बांधली की वनस्पतिशास्त्र झाले! अहो, शाळेच्या चौकटीतून मूल सोडवलेत ना, मग सुट्टी कशाला पुन्हा त्या चौकटीत बसवता?

पण दोष एकट्या त्यांचा नाही. हे सोबती आता मोकळे तरी कुठे असतात? २०२५ साली गोव्यात वरच्या वर्गांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू झाले आणि सुट्टी आखडली. उरलेल्या मे महिन्यात पोहण्याचा वर्ग, रोबोटिक्सचे शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास... अंगण तसेच आहे, पोरे मात्र वर्गात! आपल्या मुलाचा दिवस भरला की शेजारच्या मुलाचा दिवस रिकामा होतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. आणि शेजारचे ते मूल घरी शिकणारेच असले पाहिजे असे नाही. शिबिराची फी ज्याच्या आईबापांना झेपत नाही, तेही अंगणात एकटेच उभे असते.

घरी शिकणाऱ्या कुटुंबांकडे एक गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे दिवसभर माणसांनी जागते घर. नोकरी करणाऱ्या आईबापांना मे महिन्यात मूल कुठे ठेवावे ही चिंता असते. या दोघांनी एकमेकांना हाक मारायला काय हरकत आहे? वही मिटावी, शिबिराचा एखादा अर्ज भरायचा राहू द्यावा, आणि पंधरा दिवस तरी पोरांना एका सोप्यावर येऊ द्यावे. पेज, लोणचे आणि चार आंबे एवढा खर्च कुठल्याही घराला परवडेल.