डॅम्पर बदलून दुखणे जात नाही



जुन्या जिप्सीचे स्टिअरिंग थरथरत असेल तर ‘डॅम्पर बदला, प्रश्न मिटला’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. डॅम्पर थरथर दाबतो, तिचे कारण दूर करत नाही. गाडी काही काळ शांत होते आणि तेवढ्यात सैल सांधा आणखी झिजतो.

आधी थरथर ओळखावी. ठरावीक वेगाला येऊन पुढे ओसरणारी बहुधा टायरची किंवा बॅलन्सिंगची असते. खड्ड्यात आदळताच सुरू होणारी आणि वेग पार उतरवल्याखेरीज न थांबणारी मात्र सांध्यांतली ढिलाई सांगते. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड, त्यामुळे एका चाकाची थरथर लगेच दुसऱ्यात जाते.

गाडी चाकांवरच उभी ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगावे आणि टाय रॉडच्या प्रत्येक टोकाला हात लावून पाहावा. मग अ‍ॅक्सलखाली स्टँड लावून, अधांतरी चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर ब्रेक दाबून धरायला सांगावा. खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. इतकी सोपी परीक्षा सोडून लोक थेट सुटे भाग विकत घेतात, याचे वाईट वाटते. गाडी उंच करून घेतली असेल तर कॅस्टरचा कोनही मोजून घ्यावा.

तोवर कृपया ती गाडी महामार्गावर नेऊ नका.

– एक वाचक, सातारा