सूज चढण्याआधीची पाच मिनिटं

चेहऱ्यावर मार बसलेल्या माणसाला दवाखान्यात आणलं की सोबतचे नातेवाईक एकच प्रश्न विचारतात: डोळा वाचला ना? बुबुळ जागेवर आहे, पापणीला टाके पडले, रक्त थांबलं, एवढं कळलं की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मला या सुटकेचीच धास्ती वाटते. डोळा शाबूत असला तरी ज्या हाडांच्या खोबणीत तो बसलेला असतो ती फुटलेली असू शकते. ते उशिरा कळलं तर धडधाकट माणसाला जन्मभर एकाचे दोन दिसतात, डोळा आत ओढला जातो, आणि कधी कधी शाबूत वाटलेला डोळाही हातचा जातो.

देवास जिल्ह्यातल्या सतवास-कन्नौद पट्ट्यात नेत्र सहायक म्हणून मी नोकरीची बरीच वर्षं काढली. माझं माहेर देवासचं, पवारांच्या राज्यात चाकरीसाठी आलेल्या मराठी घरांपैकी एक. घरात मराठी, ओपीडीत हिंदी-माळवी. नेत्र सहायक डॉक्टर नसतो. चष्म्याचा नंबर काढणं, मोतीबिंदूचे रुग्ण शोधून शस्त्रक्रियेला पाठवणं, शाळेतल्या मुलांची नजर तपासणं हे आमचं काम. पण गावात कुणाच्या डोळ्याला काही लागलं की आधी आमचाच दरवाजा वाजतो. सतवासहून देवास आणि इंदूर दोन्ही शंभरेक किलोमीटर, मधे विंध्याचा घाट. त्यामुळे इथल्या टेबलावर पहिल्या पाच मिनिटांत काय पाहिलं आणि कागदावर काय लिहिलं, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

डोळ्याची खोबण सात हाडांची बनलेली असते. प्रौढ माणसात तिच्यात साधारण ३० मिलिलिटर जागा असते. समोरची कडा जाड आणि भक्कम, पण तळ आणि नाकाकडची भिंत फार नाजूक. नाकाकडची भिंत तर काही ठिकाणी जेमतेम ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाडीची. तळाच्या खाली गालाच्या हाडातली पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. १९५७ साली बायरन स्मिथ आणि विल्यम रीगन या अमेरिकी डॉक्टरांनी मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंग या आयरिश खेळाचा चेंडू ठेवून त्यावर हातोडा मारला. खोबणीची कडा टिकली, तळ मात्र फुटला. मूठ किंवा चेंडू डोळ्यावर आदळला की आतला दाब एकदम वाढतो आणि सर्वांत पातळ हाड आधी हार मानतं. कुकरची सेफ्टी उडते आणि कुकर वाचतो, तसंच हे. पण उडालेल्या सेफ्टीकडे कुणी पाहिलंच नाही तर नुकसान तिथून सुरू होतं. फुटलेल्या तळातून डोळ्याभोवतीची चरबी आणि स्नायू खाली सायनसमध्ये उतरतात.

ओळखायच्या खुणा साध्या आहेत. त्यासाठी यंत्र लागत नाही, टॉर्च आणि लक्ष लागतं. मान न हलवता वर, खाली, उजवीकडे, डावीकडे बघायला सांगायचं. एक डोळा मागे राहतो का, ते पाहायचं. "एक के दो दिख रहे हैं" असं रुग्ण म्हणाला तर ते चक्कर म्हणून सोडून द्यायचं नाही. गालाला, वरच्या ओठाला, वरच्या दातांना बधिरपणा आहे का ते विचारायचं, कारण तिथली संवेदना नेणारी नस खोबणीच्या तळातूनच जाते. पापणीवर हलकं बोट दाबल्यावर त्वचेखाली चरचर जाणवली तर सायनसमधली हवा वर शिरली आहे असं समजायचं. अशा माणसाला काही आठवडे नाक शिंकरू द्यायचं नाही. जोरात शिंकरलं तर हवा आणि सायनसमधले जंतू थेट डोळ्यामागे ढकलले जातात. ही एक सूचना द्यायला पैसा लागत नाही, तरी केसपेपरवर ती क्वचितच लिहिलेली दिसते.

सगळ्यात आधी मात्र नजर तपासायची. प्रत्येक डोळ्याची वेगळी, दुसरा हाताने झाकून. तक्ता नसेल तर बोटं मोजायला लावायची, तेही जमत नसेल तर उजेड दिसतो का ते विचारायचं. घाई यासाठी की तासा-दोन तासांत सूज चढते आणि पापण्या मिटतात. मग इंदूरला पोचलेल्या रुग्णाबद्दल तिथला डॉक्टर विचारतो, मार लागला तेव्हा दिसत होतं का? उत्तर कुणाकडेच नसतं. डोळ्यामागे रक्त साचून दाब वाढला तर डोळा पुढे येतो, हाताला ताठ लागतो आणि नजर झपाट्याने उतरते. अशा वेळी सीटी स्कॅनची वाट बघत बसायचं नसतं. पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात छोटा छेद देऊन दाब मोकळा करायचा असतो, आणि हाताशी वेळ तास-दीड तासाचा. घाट ओलांडून शहर गाठण्याइतका वेळ त्यात बसत नाही. म्हणून हा छेद तालुक्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरला यायला हवा. प्रशिक्षण दिलं तर तो शिकता येतो.

आता मुलांविषयी, कारण माझा जीव सर्वांत जास्त तिथे अडकतो. गिल्ली लागते, टेनिस बॉल लागतो, सायकलच्या हँडलवर तोंड आपटतं. मोठ्या माणसाचं हाड फुटून तुकडे होतात. मुलाचं हाड लवचिक असतं, ते चिरतं, क्षणभर उघडतं आणि परत मिटतं. त्या मिटण्यात डोळा फिरवणारा स्नायू पकडला जातो. बाहेरून बघाल तर जखम नाही, नीळ नाही, डोळा पांढरास्वच्छ. १९९८ साली डॉक्टरांनी या प्रकाराला पांढऱ्या डोळ्याचं फ्रॅक्चर असंच नाव दिलं. मूल वर बघत नाही, वर बघायला लावलं की कळवळतं, उलट्या करतं, मलूल पडून राहतं. डोळ्याचे स्नायू ताणले गेले की व्हेगस नसेच्या मार्गाने हृदयाचे ठोके मंदावतात, हे वैद्यकाला १९०८ पासून ठाऊक आहे. तरीही अशा मुलाला डोक्याचा मार म्हणून उलटीचं औषध देऊन निरीक्षणाखाली ठेवलं जातं. घरचे म्हणतात, डोळा तर एकदम साफ आहे. डोक्याचा मार तपासलाच पाहिजे, यात शंका नाही. पण उलट्या करणारं मूल वर बघू शकतं का, हे पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही. स्नायू अडकला असेल तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हावी लागते. उशीर झाला तर स्नायू आकसतो, मग हाड दुरुस्त होऊनही दोन-दोन दिसणं राहून जातं. पाटीवरची ओळ दोनदा दिसणारं मूल वर्गात मागे पडतं, आणि त्याचं कारण मास्तरांनाही कळत नाही.

मोठ्यांचं गणित वेगळं. इथे लोकांची भीती दूर करणंही गरजेचं आहे. खोबण फुटली म्हणजे शस्त्रक्रिया आलीच असं नाही. बऱ्याच जणांना ती लागत नाही. सुजेमुळे दोन-दोन दिसत असेल तर सूज उतरल्यावर ते थांबतं. म्हणून स्नायू अडकलेला नसेल आणि नजर सुरक्षित असेल तर डॉक्टर थांबतात आणि आठवड्याभराने पुन्हा तपासतात. तळाचा अर्ध्याहून मोठा भाग फुटला असेल, डोळा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेला असेल, किंवा समोर बघतानाही दोन-दोन दिसणं टिकून असेल, तर साधारण दोन आठवड्यांच्या आत तळाला टायटॅनियमची जाळी, सच्छिद्र पॉलिएथिलिनचा पत्रा किंवा रुग्णाचंच हाड बसवून आधार देतात. गोम अशी की डोळा आत गेल्याचं सूज उतरल्यावरच दिसतं, आणि सूज उतरली की गावचा माणूस स्वतःला बरा समजतो. सोयाबीन काढायची असते, मंडीत जायचं असतं. तो फेरतपासणीला येत नाही. येतो तो दोन-तीन महिन्यांनी, तोवर आतली ऊतकं चिकटून बसलेली असतात आणि तीच शस्त्रक्रिया कितीतरी अवघड झालेली असते.

वेळेवर उपचार मिळाले तर काय होतं, याची ही दोन उदाहरणं. दक्षिण कोरियाचा फुटबॉलपटू सोन ह्युंग-मिन याला २०२२ च्या १ नोव्हेंबरला मार्सेच्या मैदानावर डाव्या डोळ्याभोवती फ्रॅक्चर झालं. ४ नोव्हेंबरला शस्त्रक्रिया, आणि २४ तारखेला तो मुखवटा लावून विश्वचषकात उतरला. याउलट इंग्लंडचा यष्टिरक्षक क्रेग कीस्वेटर. २०१४ मध्ये हेल्मेटच्या जाळीतून घुसलेल्या चेंडूने त्याची खोबण आणि नाक मोडलं. उत्तम उपचार मिळूनही नजर पहिल्यासारखी झाली नाही आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याने क्रिकेट सोडलं. सगळं वेळेवर होऊनही निकाल हातात नसतो, हे दुसऱ्या उदाहरणातून कळतं. मग जिथे वेळेवर काहीच होत नाही, तिथे काय होत असेल?

इथे सरकारी धोरणातली एक विसंगती मांडते. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचार योजना आणली. दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत. योजना चांगली आहे, जीव वाचवण्यासाठी सात दिवस पुष्कळ उपयोगी पडतात. पण मोठ्यांच्या खोबणीच्या फ्रॅक्चरमध्ये, स्नायू अडकलेला नसेल तर, शास्त्रच सांगतं की घाई करू नका, सूज उतरू द्या, दुसऱ्या आठवड्यात ठरवा. म्हणजे डॉक्टरचा निर्णय होतो तेव्हा योजनेची मुदत उलटलेली असते. आयुष्मान कार्ड असेल त्याला तो आधार आहे. नसेल त्याने काय करायचं? चेहऱ्याच्या हाडांचं फ्रॅक्चर पहिल्या सात दिवसांत सीटी स्कॅनवर नोंदलं गेलं असेल, तर त्याची पुढची शस्त्रक्रिया त्याच योजनेत धरली जावी. त्यासाठी नवी योजना नको, नियमात एक कलम वाढवलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट बायकांची आहे. डाव्या डोळ्याभोवती काळीनिळी सूज घेऊन येणारी बाई, आणि सोबत तिच्या वतीने बोलणारा नवरा. "दीदी, सीढ़ी से गिर गई।" उजव्या हाताने समोरून मारलेली मूठ बहुधा डाव्या डोळ्यावर बसते. नुसत्या सुजेवरून निकाल देता येत नाही. पण नजर तपासायची आहे, बाकीच्यांनी बाहेर थांबा, असं सांगून दार लोटता येतं, आणि एकटीला विचारता येतं. त्या बंद दाराआड पुष्कळ बायका खरं बोलल्या आहेत. तरीही एक्स-रेवर काही दिसलं नाही म्हणून कागदावर साधी दुखापत लिहिली जाते. खोबणीच्या तळाचं फ्रॅक्चर साध्या एक्स-रेमध्ये सहज निसटतं, बारीक कापांचा सीटी स्कॅनच ते नीट दाखवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे. जाणूनबुजून केलेल्या साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत शिक्षा, गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. न काढलेला स्कॅन तिचा डोळा बिघडवतो, आणि न्यायालयात तिची बाजूही लंगडी करतो. म्हणून मारहाणीची शंका असेल आणि खोबणीच्या खुणा दिसत असतील, तर सीटी स्कॅन होईपर्यंत दुखापतीचा प्रकार कागदावर ठरवून टाकू नये.

अपघातातली फ्रॅक्चरं टाळण्याचा मार्ग रस्त्यावरून जातो, हेही सांगायला हवं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले. त्यात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक गेले. अपघातांच्या संख्येत आमचा मध्य प्रदेश तमिळनाडूनंतर दुसरा होता. जखमींच्या आकड्यात कुणाचा चेहरा मोडला, कुणाला दोन-दोन दिसू लागलं, याची वेगळी नोंद नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं करतं. सतवासच्या रस्त्यावर एका मोटारसायकलवर तिघं, आणि हेल्मेट असलंच तर टोपीसारखं अर्धं, चलान टाळण्यापुरतं. अर्धं हेल्मेट डोकं थोडंफार झाकतं, चेहऱ्याला काहीच आधार देत नाही. घ्यायचंच तर हनुवटीपर्यंत येणारं, आयएसआय छापाचं पूर्ण हेल्मेट घ्या. मागे बसणाऱ्या बायकोसाठी आणि मुलासाठीही घ्या.

इंदूरला वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय दंत महाविद्यालय आहे, भोपाळला एम्स आहे. या शस्त्रक्रिया करणारे हात आपल्या भागात आहेत. कमी पडतंय ते त्यांच्यापर्यंत योग्य रुग्ण योग्य वेळी पोचवणं, आणि ते काम कन्नौद, खातेगाव, सतवाससारख्या ठिकाणचं. जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एक लेखी आदेश काढावा. चेहऱ्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पाच नोंदी असाव्यात: उजव्या डोळ्याची नजर, डाव्या डोळ्याची नजर, डोळे चारही दिशांना फिरतात का, गाल बधिर आहे का, आणि फेरतपासणीची तारीख. ती तारीख गावच्या आशा कार्यकर्तीलाही कळवावी. या पाच नोंदी नसलेला कागद अपुरा मानावा, आणि अपुरा कागद घेऊन एकाही रुग्णाला घाटावर पाठवू नये.