नवी सायकल, गहाळ बोल्ट

ऑनलाइन मागवलेली माउंटन बाइक दारात येते ती बहुधा ‘८५ टक्के जोडलेली’. उरलेली जोडणी ग्राहकाच्या गळ्यात. कधी व्हॉल्व्हची टोपी नसते, कधी रिफ्लेक्टर तुटलेला. एवढ्यासाठी अख्खी सायकल परत पाठवणे हा निव्वळ त्रागा. विक्रेत्याकडून तो भाग मागवावा किंवा नाक्यावरच्या सायकलवाल्याकडून बसवून घ्यावा.

सगळेच भाग मात्र इतके किरकोळ नसतात.

गिअर बदलणारा मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर बहुधा मुद्दामच मऊ अ‍ॅल्युमिनियमचा करतात. मार बसला तर तो वाकावा, फ्रेम वाचावी. वाहतुकीत खोके आदळले की नेमका तोच वाकतो आणि गिअर खडखडू लागतात. मग केबल कितीही ताणा, उपयोग शून्य. शिवाय हँगर मॉडेलगणिक वेगळा, त्यामुळे सुटा सहज मिळत नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावून सुलटे फिरवले की क्रँक कामातून गेला आणि विक्रेता दोष ग्राहकावर ढकलायला मोकळा! हँडल धरणाऱ्या स्टेमचा एक बोल्ट जरी गहाळ असला, तरी सायकल रस्त्यावर काढूच नये.

खोके उघडतानाच फोटो काढावेत आणि तक्रार लेखी करावी. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही.