आपलं ते पडकं, त्यांचं ते हेरिटेज

मागच्या महिन्यात केंटहून माझा भाचा आणि भाचेसून सुट्टीवर कळंबला आली होती. दोन दिवस समुद्र झाला, सुरूच्या झाडांखाली बसून गप्पा झाल्या, जिताडा झाला, बोंबील झाले. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चला, आज वसईचा किल्ला दाखवते." तर सूनबाई म्हणाली, "मावशी, तिथे बघण्यासारखं काय आहे? पडकी चर्चेस तर आहेत!"

तेव्हा मी काही बोलले नाही. पाहुण्यांशी वाद घालू नये. पण आता ती परत गेली आहेत आणि हे दोघंही वाचणार आहेत, तेव्हा मनातलं सगळं लिहून टाकते. रागावू नका रे पोरांनो.

२०१२ साली याच दोघांनी मला केंटमधल्या जुन्या वास्तू हिंडून दाखवल्या होत्या. त्यातला रोचेस्टरचा किल्ला मला अजून आठवतो. तोही पडकाच! आत छप्पर नाही, मजले नाहीत, नुसत्या भिंती आणि त्यात घुटर्‌घूं करणारी कबुतरं. पण तिकीट काढून लोक आत जात होते. त्या बुरुजाचे तीन कोपरे चौकोनी आणि एकच गोल आहे. का? तर १२१५ साली जॉन राजाने त्याला वेढा घातला, एका कोपऱ्याखाली भुयार खणलं आणि चाळीस डुकरांची चरबी वापरून त्यातले लाकडी टेकू पेटवून दिले. कोपरा कोसळला. पुढे तो नव्याने बांधला तो गोल. आमच्यापुढे शाळेच्या मुलांचा एक घोळका होता, त्यांची बाई हे हातवारे करून सांगत होती आणि डुकरांचं नाव निघताच पोरं खिदळत होती. घरी जाऊन ती पोरं हे विसरणार नाहीत, एवढं मला मास्तरकीच्या अनुभवावरून कळलं.

आता वसईला या. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावून तो उडवला आणि खिंडार पाडलं. म्हणजे तीच गोष्ट, तीच युक्ती, आणि आपल्याकडे तर पराक्रमही आपला! तरी तो बुरूज नेमका कुठला, हे आमच्या पंचक्रोशीतल्या किती जणांना दाखवता येईल?

आणखी एक गंमत सांगते. १५३४ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या पार्लमेंटने आठव्या हेन्रीला तिथल्या चर्चचा प्रमुख ठरवलं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढच्या काही वर्षांत हेन्रीने तिकडे मठ बंद करून त्यांची छपरं उतरवली आणि त्यानंतरच्या दशकांत इकडे वसईत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन यांचे मठ आणि चर्चेस उभी राहिली. म्हणजे सूनबाई, तू ज्याला 'ट्यूडर' म्हणून हौसेने फोटो काढतेस ना, त्याच वयाच्या भिंती माझ्या घरापासून निर्मळ-पापडीमार्गे गेलं की तासाच्या आत आहेत!

यावर नेहमी ऐकू येणारं उत्तर मला ठाऊक आहे. "अहो बाई, ते परक्यांचं. त्यांनी आमची देवळं पाडली, लोकांना सक्तीने बाटवलं. त्यांच्या चर्चेसचं कौतुक कशाला?"

पहिला भाग खरा आहे. देवळं पाडली, छळ केला, इन्क्विझिशनचा जाच गोव्याप्रमाणे इथेही होता. म्हणूनच वसईची मोहीम झाली. यातलं काहीही झाकू नये, उलट किल्ल्यातच उभं राहून सांगावं. पण दुसरा भाग मला मान्य नाही. रोचेस्टरचा किल्ला काय इंग्रजांच्या आजोबांनी हौसेने बांधला? तो नॉर्मन लोकांचा, १०६६ साली इंग्लंड जिंकून बसलेल्यांचा. त्या दगडी बुरुजाने तिथल्या माणसांना धाकात ठेवलं. कँटरबरीचा सेंट ऑगस्टीनचा मठ तर त्यांच्याच राजाने १५३८ साली बंद करून मोडला. आज त्या मठाचे उरलेसुरले दगड तेच लोक जपतात. जपणं म्हणजे भक्ती नव्हे, क्षमा तर नव्हेच. इथे काय घडलं याचा पुरावा जाग्यावर ठेवणं एवढाच त्याचा अर्थ.

आणि परकं परकं म्हणजे किती? सेंट जोसेफच्या दारावर १६०१ सालचा लेख आहे, तो पोर्तुगीज भाषेत आहे, कबूल. पण दगड आपला. गोव्याच्या बॉम जीझसच्या दर्शनी भागाला काळा दगड वसईहून गेला, तो बघायला आपण ट्रॅव्हल्सची बस करून गोव्याला जातो! संत गोन्सालो गार्सिया इथेच वसईत जन्मले, आई इथलीच. १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ साली ते संत ठरले. आजही किल्ल्यात त्यांचा सण होतो. वसईची निम्मी शेतं-वाड्या ज्यांनी राखल्या त्या आपल्या शेजाऱ्यांचे पूर्वज या चर्चेसमध्ये बाप्तिस्मा घेत होते. ते परके?

खुद्द चिमाजी अप्पांचं वागणं बघा. शरण आलेल्यांना त्यांनी चीजवस्तूंसह सन्मानाने बाहेर पडू दिलं. चर्चच्या घंटा मराठ्यांनी वितळवल्या नाहीत, भीमाशंकराच्या, नाशिकच्या नारोशंकराच्या दारी नेऊन टांगल्या. जिंकणाऱ्यांना जे फेकून द्यावंसं वाटलं नाही, त्याच्या भिंतींवर आपण खिळ्याने बदाम कोरतो.

"त्यांच्याकडे पैसा आहे" हेही ऐकून झालं. आहे ना. पण केंटमध्येच इग्थम मोट नावाचा चौदाव्या शतकातला वाडा आहे (उच्चार चक्क 'आयटम मोट'!). भोवती पाण्याचा खंदक, मधे चौक. त्या चौकात एका कुत्र्याचं मोठं लाकडी घर आहे आणि तेही पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू! मी हसले तर तिथल्या बाई म्हणाल्या की ते या श्रेणीतलं एकुलतं एक असावं. त्या बाई पगारी नव्हत्या. माझ्यासारख्याच निवृत्त शिक्षिका, आठवड्यातून एक दिवस येऊन एका खोलीत उभ्या राहायच्या आणि विचारेल त्याला सांगायच्या. याला कुठला निधी लागतो?

आपलं संरक्षण पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीपाशी संपतं. पाटीच्या पुढे लग्नाआधीचे फोटो, धुराचे गोळे, बाटल्या. २०१५ साली कोल्डप्ले नावाच्या इंग्रजी बँडने गाण्याच्या चित्रीकरणासाठी हाच किल्ला निवडला, तेव्हा आमच्याकडच्या पोरांना कळलं की तो सुंदर आहे. इथली काही तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी जाऊन कचरा उचलतात, माहिती सांगतात, त्यांना माझा नमस्कार. पण ती मूठभर आहेत.

आता माझ्यावर येते, कारण दुसऱ्याला बोलणं सोपं. नोकरीतल्या सगळ्या वर्षांत मी दरवर्षी किल्ल्यावर सहल नेली. चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी नमस्कार, दहा वाक्यांत इतिहास, मग डबे आणि खो-खो. एकदा फ्रान्सिस्कन चर्चमध्ये सातवीतला एक ख्रिस्ती मुलगा जमिनीतल्या फरशीपाशी बसून राहिला. तिथली फरशी म्हणजे ओळीने थडग्यांचे दगड, त्यावर अक्षरं. त्याने विचारलं, "बाई, हे कोणाचं नाव आहे?" मला पोर्तुगीज वाचता येत नव्हतं. "मला माहीत नाही, आपण शोधू या" एवढं तरी म्हणायचं! मी म्हटलं, "ते आपल्याला परीक्षेला नाही. चल, उशीर होतोय."

तो मुलगा उठला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. पुन्हा त्याने कधी काही विचारलं नाही. 'हे आपलं नाही' असं मी तोंडाने म्हटलं नव्हतं, पण त्याने तेच ऐकलं असणार. किल्ल्याचे दगड ढासळायला पाऊस आणि वड-पिंपळाची मुळं पुरतात, हे खरं. पण त्याआधी कोणीतरी बाई 'चल, उशीर होतोय' म्हणालेली असते.

असो. गुडघे कुरकुरतात, पण किल्ला सपाटीवर आहे, चढायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतली पोरं घेऊन मी जाणार आहे. डबे नंतर. आधी उडालेला बुरूज, मग १६०१ चा लेख, मग ती फरशी. जे वाचता येणार नाही ते वहीत उतरवून आणू.

आणि सूनबाई, पुढच्या सुट्टीत समुद्र एकच दिवस. दुसरा दिवस माझा.